आईसाठी बांधलेली जीप

अण्णा कांदे आणायला लासलगावला गेले आणि जीप घेऊन आले.

हे ऐकून लोक हसतात. त्या दुपारी आमच्या घरात कोणीही हसलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं, इंदिरानगरात तेव्हा अजून मोकळे प्लॉट शिल्लक होते, आणि आमच्या दारासमोर कांद्याचा एक ट्रक येऊन उभा राहिला. फाळका पडला. आत गोण्या नव्हत्या, एक गंजकं धूड होतं. त्याला काच नव्हती, सीट नव्हती, चाकं बसलेली होती आणि पुढच्या पत्र्यावर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं केलेला कारभार वाळून घट्ट झाला होता. क्लीनरच्या शेजारून अण्णा खाली उतरले. हातात पिशवी होती आणि तिच्यात खरोखरच कांदे होते. कांदे चांगले मिळाले, असं त्यांनी मला सांगितलं आणि ते फळ्या शोधायला गेले.

मी पायरीवर नुसती उभी. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. कुठल्या खात्यात ते सोडा. चहाची पूडसुद्धा आईला विचारल्याशिवाय न बदलणारा माणूस. मी पस्तिशीच्या आसपासची, लग्न करून पुण्याला गेलेली, ते मोडून परत आलेली, आणि विम्याच्या कचेरीत चिकटलेली. आमच्या घरात नाकावर राग असलेली व्यक्ती म्हणून माझी ख्याती होती. अविचार करायचा तर तो माझ्याकडूनच व्हायचा, हे सगळ्यांनी मान्य केलेलं. अण्णांनी माझी जागा घेतली याचाच मला पहिला धक्का बसला.

दुसरा धक्का लगेच आला. आवाज ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने त्या धुडाकडे पाहिलं. पुढच्या जाळीवर वेल्डिंगचा एक जुना जाड वण होता, तिथे तिची नजर थांबली. मग ती आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही तीच जीप होती.

ती कोणती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी लहान होते तेव्हा अण्णांची नेमणूक घोटीच्या पुढे डोंगरात होती. खात्याची चाळ, तिच्यापलीकडे साहेबांचा बंगला, आणि चहूकडे भाताची खाचरं. अण्णा साहेबांची जीप चालवत. मला एक धाकटा भाऊ होता, नुकता चालायला लागलेला. एका श्रावणात त्याला रात्रभर उलट्या आणि जुलाब झाले. सकाळी तो हातापायाने थंड पडला. आईने अण्णांना सांगितलं की जीप काढा, घोटीच्या डॉक्टरकडे नेऊ. जीप बंगल्याच्या आवारात उभी असायची; अण्णा तिकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. दारातच उभं राहून म्हणाले, "सरकारी गाडी हाय. घरच्या कामाला निघत नाय." एवढं बोलून ते ड्युटीवर गेले.

आईने भावाला कडेवर घेतलं, मला पदर धरायला सांगितला आणि आम्ही चिखलातून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. भाताच्या गिरणीचा एक ट्रक थांबला. घोटीच्या डॉक्टरांनी भावाला हात लावला, डोळे उघडून पाहिले आणि आईला बसायला स्टूल दिलं. मी तिथे कडेला उभी होते. त्या खोलीतला स्पिरिटचा वास अजून कुठे आला की मी तिथून निघून जाते.

त्यानंतर आई कधी जीपमध्ये बसली नाही. ती जीप तर नाहीच, कोणतीच नाही. पुढे मामेबहिणीच्या लग्नाला सगळं गोत घोटीला काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून निघालं, तेव्हा आई स्टँडवर एसटीची वाट बघत बसून राहिली आणि अक्षता पडल्यावर पोचली. कोणी कारण विचारलं नाही, कारण कारण सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या आणि तिच्या संसारात भांडण म्हणावं असं काही नव्हतं. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, दुखलंखुपलं बघायची. फक्त त्यांच्यासमोर बसायची नाही. त्यांचं जेवण झालं की मग आपलं ताट घ्यायची.

आणि मी? माझी गंमत अशी की मला अण्णांचा अभिमान होता. भाऊ गेला त्याचं दुःख आईसारखंच मलाही होतं, पण वडिलांनी पोटच्या पोरासाठीसुद्धा नियम मोडला नाही, ही गोष्ट मी शाळेत प्रामाणिकपणावरच्या भाषणात सांगितली होती आणि बक्षीस आणलं होतं. कचेरीत कोणी वशिल्याचं काम घेऊन आलं की मी अण्णांचं ते वाक्य तोंडावर फेकायची. माझं लग्न मोडलं तेही थोडंफार असल्याच ताठपणावरून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि मला ते कौतुक वाटायचं.

तर ती जीप पुढे कधीतरी खात्याने मोडीत काढली, लिलावात लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने घेतली, वापरून वापरून तिचा जीव घेतला आणि शेवटी कांद्याच्या चाळीमागे टाकून दिली. अण्णा कांदे बघायला म्हणून चाळीमागे गेले आणि तिथे त्यांना ती दिसली. त्याच दिवशी त्यांनी ती घेतली. ट्रक गेल्यावर मी त्यांच्यावर बरसले. म्हटलं, ही ब्याद दारात आणताना आईचा विचार तरी केला का?

ते म्हणाले, "तिचाच केला. तिला एकदा या गाडीत बसवायचंय. मग गेली भंगारात तरी चालंल."

स्वयंपाकघराच्या दाराआडून आईचा आवाज आला, "माझी तिरडीबी त्या गाडीत ठिवू नका."

आमच्या घराला शटरचं गॅरेज होतं, पण गाडी कधीच नव्हती. बांधकाम केलं तेव्हा अण्णांनी ते हट्टाने बांधून घेतलं होतं आणि आम्ही त्यात गव्हाच्या कोठ्या आणि जुनी खाट ठेवत असू. आता कोठ्या माझ्या खोलीत आल्या आणि जीप गॅरेजमध्ये गेली. मला वाटलं होतं, चार दिवसांत सोस फिटेल. पुढची जवळजवळ दोन वर्षं आमच्या घराला रॉकेलचा वास येत होता.

अण्णांनी ती जीप नटाबोल्टापर्यंत सुटी केली. बिस्किटाच्या डब्यांतून रॉकेल ओतून त्यात नट, वायसर, स्प्रिंगा भिजत घातल्या. इंजिन गंजून आवळून बसलं होतं. त्यात डिझेल ओतून ते रोज सकाळी आंघोळीआधी पुढच्या दांड्याला एक हिसका देऊन बघायचे, फिरतं का. व्यापाऱ्याने दिलेला निळा रंग खरवडला तर खाली खात्याचा राखाडी निघाला. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून तो दाखवला. मी बघून आले आणि रात्री जेवले नाही. मला माझ्या भावाचा चेहरा आठवत नाही, पण तो राखाडी रंग आठवत होता.

तरीही मी त्यात ओढली गेलेच. रविवारी त्यांच्याबरोबर मालेगावच्या भंगार बाजारात जायचं, गिअरबॉक्सच्या ढिगाऱ्यात उन्हात उभं राहायचं, हे काम आपसूक माझ्याकडे आलं. पत्र्याच्या कामाला भद्रकालीतले एक मिस्त्री यायचे. अण्णांना चाचा म्हणायचे. जुन्या जिपा सजवायचं वेड तेव्हा गावात पसरलं होतं, त्यामुळे त्यांना दर आठवड्याला नवी कल्पना सुचायची. डिझेल इंजिन टाका, रुंद टायर चढवा, टपावर दिव्यांची ओळ लावा. "चाचा, ऐसी बनाऊंगा की पूरा नासिक मुडके देखेगा," म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "पुऱ्या नासिकला काय करायचंय? एकानं बगितलं तरी लय झालं."

त्यांनी जे बदल केले ते ऐकून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरची बाजू जशीच्या तशी, तोच पत्रा, तीच कडक सीट. सगळी सजावट डाव्या बाजूला. आईचे गुडघे दुखतात म्हणून डाव्या बाजूला खाली एक जास्तीची पायरी. धरायला दांडा. आईच्या कानाला वारा सोसत नाही म्हणून फक्त तिच्या बाजूला काचेचं दार. सीटची उंची किती असावी हे ठरवायला ते स्वयंपाकघरातलं तिचं बसायचं स्टूल चोरून उचलून गॅरेजमध्ये घेऊन आले, टेपने मोजलं आणि जागेवर ठेवून आले. एवढ्या वर्षांत या माणसाने आईला साधी साडी स्वतःहून आणलेली मला आठवत नव्हती. ते स्टूल मोजणं मी दाराआडून बघितलं.

तरी मनात राग होताच. मला वाटायचं, तुम्ही नियम पाळलात ना, मग आता हे पत्रे ठोकून माफी कशाची मागता? आणि माफीच मागायची तर तोंड आहे की. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी पाना उचलला आणि गाडीखाली गेले.

आईने गॅरेजचा उंबरा ओलांडला नाही. चहा झाला की मागच्या दाराच्या पायरीवर कप ठेवायची आणि बशीवर चमचा वाजवायची. मिस्त्री आले असले तर दोनदा वाजवायची. बस, एवढाच व्यवहार. मी मध्ये पडून तिला एकदा म्हटलं, नुसतं बघून तरी ये, किती काम केलंय त्यांनी. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली की मला त्या गाडीचं काम माहीत आहे, नव्यानं बघायची गरज नाही.

एका संध्याकाळी इंजिन चालू झालं. आधी नुसतं खाकरलं, मग धूर सोडला, आणि मग तो आवाज आला, मधूनमधून अडखळणारा. मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या. मी धावत आत गेले, आईला सांगायला. ती गॅससमोर उभी होती, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून. भाजी करपत होती. तो आवाज तिने रोज ऐकला होता, पहाटे चाळीसमोरून जाताना आणि संध्याकाळी परत येताना. त्या सकाळीही ऐकला असणार. मी गॅस बंद केला. आईने हात लांब करून खिडकी लावली आणि दुसरी भाजी चिरायला घेतली. मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्या हातातली किल्ली हिसकावून घ्यावी असं वाटलं. मी गेलेही, पण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी तशीच परत फिरले.

मग नवरात्र आलं. रंग लागला होता, फक्त मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक राहिला होता. अण्णांनी ठरवलं होतं की दसऱ्याला जीप बाहेर काढायची. आईला पुन्हा विचारायचं धाडस मात्र त्यांना होत नव्हतं. ते मला म्हणाले, तू विचार. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. अण्णा ड्रायव्हर, त्यामुळे लग्नापासून दरवर्षी आई त्यांचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर रॉकेलने पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पूजा करायची. भाऊ गेला त्या वर्षीही तिने ती केली होती. हत्यारावर राग धरू नये, ते पोटाला घालतं, असं ती म्हणायची. आणि तिचा दंडक असा की घरातलं एकही हत्यार पूजेवाचून उपाशी राहता कामा नये. विळी, कात्री, अगदी माझा स्टेपलरसुद्धा त्या दिवशी पाटावर बसायचा.

त्या सकाळी अण्णांनी आदल्या दिवशीच पुसून ठेवलेली हत्यारं तिच्यापुढे आणून ठेवली आणि झेंडूची फुलं आणायला बाहेर पडले. मी पुढच्या अंगणात रांगोळी काढत होते. आई पाटावर हत्यारं मांडत होती. मांडून झाल्यावर तिने नजर फिरवली आणि म्हणाली, यात जॅक दिसत नाही. मी म्हटलं, असेल गॅरेजमध्ये, अण्णा आले की आणतील. माझं सगळं लक्ष रांगोळीच्या ठिपक्यांत. आई उठून आत गेल्याचंही मला कळलं नाही.

तो जॅक तिच्या ओळखीचा होता. जुना, स्क्रूचा, अण्णांच्या नोकरीपासूनचा. इतकी वर्षं त्याला कुंकू तिनेच लावलेलं. दोन वर्षांत कधी न ओलांडलेला उंबरा तिने त्या जॅकसाठी ओलांडला. जीपचं मागचं चाक काढलेलं होतं आणि तिचा सगळा भार त्या जॅकवर होता. शेजारी अण्णांनी विटांचा एक टेकू रचून ठेवला होता, जॅक दगा देईल तर म्हणून. आईला वाटलं, गाडी विटांवरच उभी आहे. जॅकचा दांडा कसा उलटा फिरवायचा हे ती ड्रायव्हरची बायको असल्यामुळे जाणत होती. तिने तो फिरवला. भार विटांवर आला, जॅक मोकळा झाला, तिने तो ओढून बाहेर घेतला आणि जेमतेम मागे सरकली.

मला आधी विटा फुटल्याचा आवाज आला आणि मग घर हादरलं. आमच्या शेजारणीच्या खिडकीची काच थरथरली, असं तिने नंतर सांगितलं. मी रांगोळी तुडवत धावले.

जीप मागच्या कोपऱ्यावर बसली होती. फरशी फुटली होती, विटांचा भुगा उडत होता. आणि गाडीच्या पलीकडे अण्णांच्या चपला होत्या. गाडीखाली सरपटण्याआधी ते नेहमी तिथेच चपला काढून ठेवायचे. त्या दिवशी पायात दुसऱ्या घालून गेले होते. आईने चपला आत्ता पाहिल्या होत्या आणि तिला वाटलं होतं, ते केव्हाच परत येऊन गाडीखाली गेले. ती फरशीवर पालथी पडून गाडीखाली हात घालत होती, आणि ओरडत होती. अण्णांचं नाव घेऊन ओरडत होती.

माझ्या उभ्या आयुष्यात मी आईच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ते ठीक. पण उखाण्यात तरी घेतात. आई तेही घेत नसे. हळदीकुंकवात नाव घ्यायची पाळी तिच्यापर्यंत आली की ती वाण घेऊन उठायची. तेच नाव ती आता गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेरीत, पुन्हा पुन्हा घेत होती, हरवलेल्या लहान मुलाला हाका मारतात तसं. मलाही वाटलं, अण्णा खाली आहेत. मी खाली वाकले पण मला बघण्याचा धीर होईना.

"मी हितं हाय," असं मागून कोणीतरी म्हणालं.

अण्णा शटरमध्ये उभे होते. हातात झेंडूची पिशवी. त्यांनी गाडी पाहिली, जॅक पाहिला, आणि फरशीवर पडलेल्या आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. गाडीचं त्यांना काही वाटलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ते ते नाव ऐकून पांढरे पडले होते.

आई उठून बसली. तिच्या कोपराला खरचटलं होतं, केसांत विटांची माती होती. मग बोलायला लागली, आणि अडीच तपांचं साठलेलं बाहेर पडलं. म्हणाली, या गाडीनं माझं एक माणूस खाल्लं, आता दुसरंबी नेलं असं वाटलं मला. काहून आणली ही घरात? मग आवाज खाली आला.

"गाडी दिली नाय म्हणून माझा राग नाय. मला ठावं हाय, सरकारी हाय. पण तुम्ही सायबाला निस्तं इचारलं असतं, तरी मला पुरलं असतं. नाय म्हणला असता तर म्हणला असता. तुम्ही इचारलंबी नाय."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. ठेवताना ती कलंडली आणि फुलं फरशीवर पसरली.

"इचारलं व्हतं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग त्यांनी सांगितलं. उभ्याउभ्याच, फुलांकडे बघत, थांबत थांबत. त्या सकाळी ते बंगल्यावर गेले ते गाडी मागायलाच. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आज श्रावणी सोमवार आहे, घरच्या मंडळींना त्र्यंबकला दर्शनाला जायचंय, गाडी लावा. अण्णांनी हात जोडले. मग पाय धरले. साहेब म्हणाले, एसटी आहे की. अण्णा चाळीत परत आले, आईला ते वाक्य सांगितलं, आणि साहेबांच्या घरच्यांना घेऊन त्र्यंबकला गेले. मंडळी रांगेत होती तेवढा वेळ ते गाडीत बसून होते. परत निघताना साहेबांच्या बाईंनी त्यांना प्रसाद दिला, तुमच्या आजारी पोराला द्या म्हणाल्या. तो प्रसाद त्यांनी घरी आणलाच नाही.

मी फुटलेल्या फरशीवर बसले. घरच्या कामाला निघत नाही ती गाडी त्या दिवशी घरच्याच कामाला गेली होती, दुसऱ्याच्या घरच्या. ज्या वाक्यावर मी वाढले, बक्षीस घेतलं, ज्याच्या जोरावर मी माणसं तोडली, तो नियम नव्हताच. मला रडू येत नव्हतं. कोणीतरी माझ्या अंगातून एक हाड काढून घेतल्यासारखं झालं होतं.

आईने विचारलं, "मग तवा खोटं का सांगितलं?"

"काय सांगू? तू पोर घेऊन दारात उभी. पाय धरले तरी नाय म्हणला, हे बायकूला कोण्या तोंडानं सांगायचं? नियम हाय म्हणलं, म्हंजी निदान नाय म्हणणारा मी तरी राहिलो." मग म्हणाले, "तुझा राग सोसवला. पण तू कीव केली असती, ती नसती सोसवली."

बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. आई भिंतीला धरून उठली. मला वाटलं, ती आता घरात जाईल आणि दार लावून घेईल. ती त्यांच्याजवळून गेली, जीपला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, साडी सावरली आणि त्या कललेल्या गाडीत चढून बसली.

अण्णा तसेच उभे.

"बसा," आई म्हणाली.

ते गेले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. जन्माची सवय, दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर गेले. मागचं चाक नाही, एक कोपरा जमिनीला टेकलेला, समोर हातभरावर चुन्याची भिंत. ती गाडी कुठेही जाणार नव्हती. आई त्या भिंतीकडे बघत होती.

"हे तवाच सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर दोघं मिळून रडलो असतो."

अण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तिच्या तोंडून माझ्या भावाचं नाव निघालं. मी उठले, बाहेर आले आणि शटर खाली ओढून घेतलं.